आतोबांचा कॉम्प्युटर, पाचव्यांदा: काढलेला व्हायरस परत येतो तेव्हा काय काय बघायचं

इंदूरच्या लोकमान्य नगरहून आत्याचा फोन येतो आणि ती एकदम मुद्द्यावर येते, "अगं, ते परत येऊन राहिलंय." ‘ते’ म्हणजे काय, हे आता मी विचारत नाही. आतोबांच्या कॉम्प्युटरवरचा व्हायरस मी दोन वर्षांत पाचदा काढला. पहिल्या तीन वेळा नुसता काढला आणि पोहे खाऊन घरी आले. चौथ्या वेळी पहिल्यांदा विचार केला, की हा येतो कुठून? तेव्हापासून मी स्कॅन करायच्या आधी दारं शोधते. सोपी आणि फुकटची दारं आधी, घाम काढणारी नंतर. विंडोज १० किंवा ११ आहे असं धरून लिहितेय.

लक्षणं

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून टिंग करून पाट्या वर येतात, बहुतेक हिंदीत: आपका कंप्यूटर खतरे में है, पाँच वायरस मिले.

क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच शोधपान येतं. बदललं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कुणीही न मागवलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला चिकटणारा छोटा जोडप्रोग्रॅम, दिसतं. काढलं तर परत येतं, नाहीतर काढायचं बटणच राखाडी होऊन बसलेलं असतं.

विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, बंद असतो आणि चालू केला तरी टिकत नाही.

पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांवर छोटा बाण आलेला असतो.

कॉम्प्युटरवर कुणी काही करत नाहीये तरी पंखा विमानासारखा ओरडतो, आणि टास्क मॅनेजर उघडला की एकदम चिडीचूप. हे लक्षण लबाड आहे. तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोकरन्सीची नाणी खोदणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसताच थांबतात.

नुसतं "स्लो झालाय" याला मी लक्षण मानत नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर स्लो होणारच. आणि पंख्याच्या आवाजाबद्दल म्हणाल, तर एकदा दीड तास स्कॅन केल्यावर माझ्या लक्षात आलं, की आत्याने विणलेलं क्रोशाचं कव्हर कॉम्प्युटर चालू असतानाही कॅबिनेटवरच होतं. मागच्या जाळीवर इंदूरची धूळ गोधडीसारखी जमलेली. त्या दिवशी व्हायरस नव्हताच.

दोन गोष्टी घडल्या असतील तर खालचं काहीही करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा. एक, फोटो आणि फायली उघडेनाशा झाल्यात आणि त्यांच्या नावांना विचित्र शेपूट लागलंय. दोन, खात्यातून पैसे गेलेत.

पहिली तपासणी: विचारा, पण रागावू नका

खर्च शून्य. गेल्या पंधरा दिवसांत नवीन काय घेतलं, काय उघडलं, पेन ड्राइव्ह कुठे लावला? रागावून विचारलं की घरची वडीलधारी माणसं शाळकरी मुलांसारखी लपवतात. आतोबा पहिल्या झटक्यात "मी काही नाही केलं" म्हणतात. मग आत्या आतून सांगते, "अहो, जन्मपत्रिकेचं ते नवीन आणलंत ना?" माझा निम्मा तपास त्या एका वाक्यात होतो.

दुसरी: नोटिफिकेशन

कोपऱ्यातल्या पाट्यांचं मूळ बहुतेक वेळा इतकंच असतं. कुठल्या तरी साइटने विचारलं, "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा", आणि दाबलं गेलं. झालं, आता ती साइट वाटेल तेव्हा पाटी पाठवू शकते. यात व्हायरस नसतो, परवानगी असते. पाटी आली की तिच्यावर न दाबता नीट बघा. बारीक अक्षरांत गूगल क्रोमचं आणि त्या साइटचं नाव असतं.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती काढा. मी तर सगळ्याच काढते आणि वरचा पर्याय असा ठेवते, की कुणी विचारूच नये. ईमेलची टिंग बंद झाली म्हणून आतोबांनी आजवर तक्रार केलेली नाही.

हे आधी बघायचं कारण म्हणजे याला दोन मिनिटं लागतात आणि स्कॅनरला यात काहीच सापडत नाही. परवानगी ही काही घातक फाइल नव्हे. मी पहिल्या वेळी तीन स्कॅनर चालवले, तिन्ही म्हणाले सगळं ठीक, आणि मी आत्याच्या चहाचा कप उचलते तोच कोपऱ्यात टिंग.

पाटी कोपऱ्यात न येता अख्खा स्क्रीन व्यापत असेल, भोंगा वाजत असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने फोन नंबर दिला असेल, तर तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाहीच हललं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर तो "जुनी पानं परत आणू का" विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

तिसरी: एक्स्टेन्शन, आणि त्याच्या आधी सिंक

इथे क्रम महत्त्वाचा. क्रोम गूगल खात्याशी जोडलेलं असेल तर तुम्ही काढलेलं एक्स्टेन्शन खात्यातून परत उतरू शकतं. त्यामुळे आधी ही जोडणी, म्हणजे सिंक, बंद करा, मग एक्स्टेन्शन काढा, मग सेटिंग्जमधून रिसेट करा. बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, एवढं घरच्यांना आधी सांगून टाका, नाहीतर मागे उभं राहून "माझं ते पान गेलं का गं" सुरू होतं. दुसरा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप त्याच खात्यावर असेल तर तिथेही हेच करा.

काढायचं बटण राखाडी असेल तर क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत सगळ्यात खाली बघा. "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" अशी ओळ आहे का? निवृत्त माणसाच्या घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली ऑर्गनायझेशन! कुणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या वहीत, क्रोमसाठी धोरण लिहून ठेवलंय, की हे एक्स्टेन्शन सक्तीने ठेवावं. काही अँटिव्हायरसही अशी धोरणं लिहितात, म्हणून नुसती ओळ बघून घाबरू नका. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप करा. सक्तीच्या एक्स्टेन्शनची नोंद तिथे दिसली तर धोरण लिहिणारा प्रोग्रॅम मशीनवर बसलेला आहे. तो गेल्याशिवाय एक्स्टेन्शन जाणार नाही. पुढे चला.

जाता जाता क्रोमच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. टार्गेटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर शोधपान कितीही वेळा बदललं तरी तेच उघडणार.

चौथी: बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी

यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी एकाच वेळी चार-पाच प्रोग्रॅम आलेले दिसले, तर ते एकाच पिशवीतून आलेत. पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, "पीसी फास्ट करा"वाले, सगळे काढा.

दुसऱ्या वेळचा पाहुणा आत्याच्या नावावर होता. भगिनी मंडळाचं पत्रक टाइप करायला तिने "मोफत मराठी फॉन्ट" शोधला आणि पहिलंच मोठं हिरवं डाउनलोड बटण दाबलं. फॉन्ट आलाच नाही, बाकी सगळं आलं. मराठीसाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, भाषेच्या सेटिंगमधून चालू करायचा. आत्या आता त्याच्यावर माझ्यापेक्षा वेगाने टाइप करते.

पाचवी: डिफेंडर, आणि त्याला दिलेल्या सवलती

लोक इथून सुरुवात करतात. मी इथे पोचल्यावरही स्कॅन लगेच लावत नाही. आधी विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, मग तळाशी एक्स्क्लूजन्स. कुठले फोल्डर तपासायचे नाहीत, याची ती यादी असते. घरच्या कॉम्प्युटरवर ती रिकामीच असायला हवी.

चौथ्या वेळी मी ती उघडली तर आत एकच नोंद: अख्खा सी ड्राइव्ह. राखणदाराला सांगून ठेवलेलं, की बाबा रे, घर सोडून बाकी सगळीकडे लक्ष ठेव. पहिल्या तीन वेळचे माझे डिफेंडरचे स्कॅन त्यामुळे इतक्या लवकर उरकत होते आणि मला वाटायचं मशीन चांगलं चाललंय.

नोंद कुणी केली? आतोबांनी स्वतः. त्यांची निळ्या पुठ्ठ्याची डायरी आहे, तिच्यात गॅसचा ग्राहक क्रमांक, नातवंडांच्या जन्मवेळा आणि कॉम्प्युटरच्या कृती एकाखाली एक सुवाच्य अक्षरात असतात. पान उघडून त्यांनीच मला दाखवलं. एक, डिफेंडर बंद करणे. दोन, सी ड्राइव्हला सूट देणे. तीन, पॅच चालविणे. चार, इशारा आल्यास घाबरू नये. पत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर कुणीतरी त्यांना फुकट दिलं होतं. त्याच्या सोबतच्या सूचना त्यांनी इमानदारीने उतरवून घेतल्या होत्या, आणि मी मशीन साफ करून गेले की ते डायरी उघडून पुन्हा पहिल्यापासून पूजा मांडत होते.

तर क्रॅक केलेलं काहीही, पत्रिकेचं असो, ऑफिस असो की खुद्द विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करणारं, मशीनवर असेतो बाकीची मेहनत करू नका. "अँटिव्हायरस बंद करा, मग चालवा" ही सूचना ज्याच्यासोबत येते त्याला घरात घ्यायचं नाही.

सवलती काढल्यावर टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे का बघा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डिफेंडर परस्पर बंद करता येत नाही. मग फुल स्कॅन, त्यानंतर ऑफलाइन स्कॅन. ऑफलाइनला साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि मशीन रीस्टार्ट होतं. त्याचा फायदा असा, की नेहमीचं विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे चालू असताना लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही.

दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर चालवा. तो स्कॅनर डाउनलोडनंतर दहा दिवसांनी कालबाह्य होतो, म्हणून मागच्या वेळचा वापरू नका, ताजा घ्या. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही २०१७ पासून फुकट साधनं मिळतात. मात्र पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नका, ते एकमेकांशीच भांडत बसतात.

सहावी: पेन ड्राइव्ह

आतोबा पत्रिका छापायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. लाल दोरा बांधलेला त्यांचा पेन ड्राइव्ह त्या दुकानातल्या मशीनला लागतो, जिथे दिवसभरात आख्ख्या वस्तीचे पेन ड्राइव्ह लागलेले असतात. घरी आल्यावर फोल्डरांवर बाण. बाण म्हणजे ते फोल्डर नाहीतच, शॉर्टकट आहेत. दाबलं की मागे एक स्क्रिप्ट, म्हणजे लपलेला छोटा प्रोग्रॅम, चालते आणि पुढे तुमचं खरं फोल्डरही उघडतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. मशीनवर बसलेली स्क्रिप्ट मग लावलेल्या प्रत्येक नव्या पेन ड्राइव्हला हेच करते.

म्हणून आधी कॉम्प्युटर साफ, मग पेन ड्राइव्ह. उलटं केलंत तर रात्रभर एकमेकांना लावत बसाल.

फायली गेलेल्या नसतात. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू पर्यायांत लपवलेल्या फायली दाखवा आणि सिस्टिमच्या संरक्षित फायली लपवू नका असं करा. फिकट रंगाचं, कधी कधी बिननावाचं फोल्डर दिसेल, खरा माल त्यात असतो. आतली फोटो आणि कागदपत्रंच तेवढी उचलून कॉम्प्युटरवर नव्या फोल्डरमध्ये टाका. शॉर्टकटना आणि अनोळखी स्क्रिप्टना हात लावू नका. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट. आतोबा आता पीडीएफ दुकानाच्या ईमेलवर पाठवतात. लाल दोरा देवघराच्या खणात आहे.

सातवी: ठरल्या वेळी जागं होणारं

इथपर्यंत सगळं करून रीस्टार्टनंतर पुन्हा तेच होत असेल तर कुणीतरी गजर लावून ठेवलाय. टास्क शेड्यूलर उघडा, लायब्ररीतल्या सगळ्यात वरच्या यादीत एकेका कामाचा ॲक्शन्सचा भाग बघा. ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधून काही चालत असेल, किंवा पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनापुढे अक्षरांची लांबलचक खिचडी असेल, तर संशय घ्या. पण ॲपडेटामधून काही सज्जन प्रोग्रॅमही चालतात, म्हणून आधी नुसतं डिसेबल करा, रीस्टार्ट करून दोन दिवस बघा, मग डिलीट. मायक्रोसॉफ्टच्या नावाच्या फोल्डरमध्ये शिरू नका. आतोबांकडे गूगलच्या अपडेटसारखं नाव घेतलेलं एक काम होतं, दर तासाला उठायचं. फक्त ते पत्रिकेच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधून उठायचं.

मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट साधन आपोआप सुरू होणारं सगळं एका जागी दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय लावा आणि उरलेल्यांत शोधा. तिथेही टिकमार्क काढा, नोंद पुसू नका.

घरच्या वायफायवर फोनमध्येही तीच भलती पानं उघडत असतील आणि मोबाइल डेटावर उघडत नसतील, तर कॉम्प्युटर सोडा आणि राउटर रिसेट करून त्याचा पासवर्ड बदला.

दोन संध्याकाळी

माझा नियम: दोन संध्याकाळी गेल्या की शोधाशोध बंद, सगळं पुसायचं. तिसऱ्या संध्याकाळी सापडलं तरी मशीनवर भरवसा उरत नाही. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, चालणारा एकही प्रोग्रॅम सोबत घेऊ नका. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असू शकते, तेव्हा ते कुलूप उघडणारी बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना, ते आधी बघा. मग रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, क्लाउड डाउनलोड. चार जीबीच्या वर डेटा जातो, फोनच्या हॉटस्पॉटवर करू नका. विंडोज अस्सल असेल तर आपोआप पुन्हा ॲक्टिव्हेट होतं.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावनोंदणी केलेल्या घरगुती मशीनना जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीन ११ घेत नसेल तर पुसण्यावर संध्याकाळ घालवायच्या आधी हा हिशेब करा.

काहीही सापडलेलं असो, पासवर्ड बदला, आणि ते फोनवरून बदला, त्या मशीनवरून नाही. आधी ईमेल, मग बँक. गूगल खात्यात सगळ्या उपकरणांतून साइन आउट करा. ब्राउझरमधून चोरलेल्या कुकीने, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदीने, पासवर्डशिवायही आत शिरता येतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पैसे गेले असतील तर मशीनला हात लावू नका. नेट तोडा, बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. साफ केलंत तर पुरावाही साफ होतो. कुणाला फोनवर बोलता बोलता कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल तरी नेट आधी तोडा.

फायलींना शेपूट लागलं असेल, म्हणजे कुणीतरी त्या कुलूपबंद करून पैसे मागत असेल, तर नेटची वायर काढा, खंडणी भरू नका आणि फॉरमॅट करू नका. २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांसोबत सुरू केलेल्या नो मोअर रॅन्समच्या साइटवर काही प्रकारांची किल्ली फुकट मिळते. आज नसली तर पुढे येऊ शकते, म्हणून बंद फायलींची प्रत जपून ठेवा.

डिस्क टकटक आवाज करत असेल आणि लग्नाच्या फोटोंची तीच एक प्रत असेल तर स्कॅनही लावू नका, डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसला कळवा, तुमचं काम नाही ते. आणि दुकानात देणार असाल तर आधीच बजावून ठेवा: मूळ लायसन्सचंच विंडोज हवं. एकदा आम्ही दिला, तेव्हा "फॉरमॅट मारून दिलाय" म्हणत परत आलेल्या मशीनवर नवं फुकटचं ऑफिस आणि त्याच्यासोबत नवी वरात होती.

पाचव्या वेळी मी शेवटचं काम केलं ते हे. आतोबांचं खातं स्टँडर्ड केलं आणि ॲडमिनचा पासवर्ड आत्याला दिला. काहीही बसवायचं तर आता तिच्याकडे मागावा लागतो. तिने तो कुठे लिहून ठेवलाय हे तिने मलाही सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, पिवळ्या पट्टीची खिडकी येऊन पासवर्ड मागून राहिलीय. पब्लिशरच्या पुढे काय लिहिलंय सांगू? यू, एन, के, एन..."

"अननोन."

"हां, तेच." मग फोन बाजूला धरून, आतल्या खोलीकडे, "अहो, नाही म्हणतेय ती!"